तक्त्यात हरलेली गाडी

पत्र: माझी रोपवाटिका आहे. माती, खत, कुंड्या, रोपं यांची ने-आण आठवड्यातून पाच दिवस चालते. दर वेळी भाड्याची गाडी बोलवावी लागते, म्हणून पिकअप घ्यायचं ठरवलंय. घराला छपराखालची जागा एकाच गाडीची, आणि तिथे वडिलांची १९३० सालची फोर्ड मॉडेल ए उभी आहे. वडील जाऊन चौदा महिने झाले, तेव्हापासून ती कुणी सुरू केलेली नाही. भाऊ म्हणतो विकून टाक, तेवढाच पिकअपला हातभार. चोवीस वर्षांचा मुलगा म्हणतो, हिलाच नवं इंजिन, डिस्क ब्रेक, पॉवर स्टेअरिंग बसवू, मग रोज वापरता येईल. मी वहीत दोन्ही गाड्यांचा तक्ता मांडला. बारा ओळींपैकी अकरांत पिकअप सरस ठरली. बाराव्या ओळीत मी ‘दिसायला’ असं लिहिलं आणि स्वतःचाच राग आला. माझ्या नजरेतून काही निसटतंय का?

ताई,

तुमचा तक्ता मी ओळ न् ओळ तपासला. दुरुस्तीची एक ओळ सोडली तर त्यात चूक काढायला जागा नाही. पिकअप घ्या, तुमच्या कामाला ती हवीच. वडिलांची गाडी मात्र आत्ता विकू नका, आणि मुलाला तिचं इंजिन उतरवू देऊ नका. जागा एकच असताना हे कसं जमायचं ते सांगतो, पण आधी तक्त्याबद्दल बोलू. त्या अकरा ओळींमागची कारणं कळली, की स्वतःवरचा राग उतरेल.

ताकदीची ओळ घ्या. मॉडेल एचं इंजिन ३.३ लिटरचं, चार सिलिंडरचं, ४० अश्वशक्तीचं. आजच्या मध्यम आकाराच्या पिकअपमध्ये, समजा २.८ लिटरच्या डिझेल टोयोटा हायलक्समध्ये, इंजिन त्याहून लहान, तरी ताकद २०० अश्वशक्तीच्या वर आणि टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा जोर, ५०० न्यूटन-मीटरपर्यंत. लहान इंजिनातून पाचपट ताकद निघते, कारण आत कोंडलेली हवा किती दाबली जाते यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मॉडेल एमध्ये हा दाब ४.२२ ला १ एवढाच, म्हणजे आत आलेलं हवा-पेट्रोल दाबून जेमतेम सव्वाचारपट लहान केलं जातं. त्या काळचं पेट्रोल त्याहून फार दाब सहनच करत नसे, आधीच पेट घेई आणि इंजिन ठोके देऊ लागे. डिझेलमध्ये तोच दाब १५ ला १ च्या पुढे, वर टर्बो. वडिलांच्या गाडीचं इंजिन बनवणारे कुठे कमी पडले नाहीत. हाताशी होतं त्या इंधनातून त्यांनी जे काढलं, ते ९०-९५ वर्षं टिकलं.

तुमच्या तक्त्यात चेसिसची ओळ नाही. पिकअप बघायला जाल तेव्हा खाली वाकून पाहा. दोन लांब लोखंडी पट्ट्या, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, म्हणजे शिडीच, आणि तिच्यावर वेगळी बसवलेली बॉडी. मागे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत सलग ॲक्सल, आणि बहुतेक पिकअपमध्ये त्याला पाटे. मग घरी येऊन वडिलांच्या गाडीखाली वाका. तिथेही शिडी, सलग ॲक्सल आणि पाटे. फरक एवढाच की मॉडेल एचे पाटे गाडीला आडवे बसवलेले आहेत, एक पुढे, एक मागे. आजच्या बहुतेक मोटारींनी ही बांधणी सोडून दिली, त्यांची बॉडी आणि चेसिस एकजीव असतात. पिकअपने ती सोडली नाही, कारण हौद्यातलं ओझं पेलायला शिडीसारखं दुसरं काही नाही. खरं तर १९२५ साली फोर्डने मॉडेल टीवर कारखान्यातच हौदा बसवून गाडी विकायला काढली. त्याआधी लोक आपापल्या गाड्यांची मागची बाजू कापून किंवा काढून फळ्या ठोकत. पुढे मॉडेल एचीही पिकअप निघाली. तुम्ही घरी आणणार आहात ती याच घराण्यातली नात आहे, हे भावाला आणि मुलाला आवर्जून दाखवा.

आता सुरक्षिततेची ओळ. इथे मी जुन्या गाडीची बाजू अजिबात घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नका. मॉडेल एला चारही चाकांना ब्रेक आहेत, पण ते सळयांचे. पेडल दाबलं की खालच्या सळया ओढल्या जातात आणि ड्रममधले लायनर घासतात. तेलाचा दाब नाही, चाकं जाम होऊ न देणारं एबीएस तर सोडाच. एका चाकाची सळई थोडी सैल राहिली तरी गाडी ब्रेक दाबताच बाजूला ओढते. वेग ५० वरून ८० वर गेला की गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा अडीचपट होते, आणि ती सगळी त्या चार ड्रमांना उष्णतेच्या रूपात पचवावी लागते. म्हणून मॉडेल ए ताशी १०० किलोमीटरला टेकू शकते हे खरं असलं, तरी साठच्या पुढे ती नेऊ नका.

धडकेचं काय होतं, तेही ऐका. २००९ साली अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू समोरासमोर धडकवल्या. दोन्हींचा वेग ताशी ६४ किलोमीटर. जुनी गाडी दिसायला रणगाड्यासारखी, पण तिची केबिनच आत चेपली. चालकाच्या जागी ठेवलेला पुतळा माणूस असता तर वाचला नसता. मालिबूतल्या चालकाला पायाला इजा झाली असती, एवढंच. बेल एअर तुमच्या गाडीहून २९ वर्षांनी धाकटी होती. मॉडेल एची पुढची काच दोन थरांची, फुटली तरी सुऱ्यांसारखे तुकडे न होणारी होती, हे त्या काळात मोठं पाऊल होतं. पण पट्टे नाहीत, स्टेअरिंगचा दांडा थेट छातीवर रोखलेला, आणि पेट्रोलची टाकी डॅशबोर्डच्या मागे, पुढच्यांच्या गुडघ्यांच्या वर. लहान मुलांना या गाडीत बसवू नका. वेगवान मोठ्या रस्त्यावर, रात्री, मुसळधार पावसात ती काढू नका. यात तडजोड नको.

म्हणून मुलाची सूचना मला पटत नाही. त्याच्या मनात गाडीबद्दल माया आहे हे दिसतंच, आणि ती माया वाया जाऊ नये म्हणूनच सांगतो. ४० अश्वशक्तीसाठी बनवलेल्या गाडीत १५० चं इंजिन घातलं की गिअरबॉक्स पुरत नाही. गिअरबॉक्स बदलला की मागचा ॲक्सल पुरत नाही. मग ब्रेक, मग स्टेअरिंग, मग चाकं, मग चेसिसला वेल्डिंग. शेवटी वडिलांच्या गाडीतला फक्त पत्रा उरेल, आणि त्या पत्र्याला धडकेत वाचवणारं काहीही तेव्हाही नसेल. तो तुम्हाला रोज वापरायला सुरक्षित गाडी देऊ पाहतोय, आणि नेमकी तीच गोष्ट यातून मिळणार नाही.

त्याचे हात शिवशिवत असतील तर परत काढता येतील असे बदल करू द्या. मागे ठळक ब्रेक-लाइट आणि इंडिकेटर, बॅटरी तोडायचा खटका, चांगल्या वायरी. उतरवलेली प्रत्येक वस्तू चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायची, हा एकच नियम. आणखी एक काम त्याला द्या: इंजिनच्या ब्लॉकवर डाव्या बाजूला एक क्रमांक ठोकलेला असतो, कारखान्यातून निघताना चेसिसवरही तोच ठोकलेला असायचा. तो शोधून कागदपत्रांशी ताडून पाहायला सांगा. इंजिन अस्सल निघालं तर ते बदलण्याचा विषय तिथेच संपेल, असं मला वाटतं.

आता तुम्ही विचारलेलं, निसटलेलं. तुमच्या सगळ्या ओळी गाडी आपल्यासाठी काय करते, याच्या आहेत. किती ओढते, किती पिते, किती वाचवते. आपण गाडीसाठी काय करायला तयार आहोत, ही ओळ त्यात नाही. पिकअपच्या बाबतीत ती ओळ जवळजवळ रिकामी राहिली तरी चालतं. वेळेवर सर्व्हिसिंग, डिझेल, हवा. मॉडेल एच्या बाबतीत सगळा निकाल त्याच ओळीवर लागतो.

वडील गाडी कशी सुरू करायचे, आठवतंय? डॅशबोर्डखालचा पेट्रोलचा कॉक उघडायचा. पेट्रोलला पंप नाही, वरच्या टाकीतून ते आपल्याच वजनाने खाली उतरतं. स्टेअरिंगच्या डाव्या बाजूची ठिणगीची दांडी वर, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल. उजवीकडची, थ्रॉटलची दांडी चार खाचा खाली. चोकच्या दांडीची मूठ एक फेरा सैल करायची. चावी. मग पायाने सेल्फ दाबायचा आणि त्याच क्षणी चोक ओढायचा. इंजिनने पकड घेतली की चोक सोडून ठिणगीची दांडी खाली. तिथे इंजिनचा आवाज बदलतो, धापा टाकणारं इंजिन एकदम शांत होतं. गिअर बदलताना डबल क्लच, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा, नाहीतर दाते कुरकुरतात. समोरच्या डॅशबोर्डवर तीनच गोष्टी दिसतात: वेग, बॅटरीत वीज जाते की येते, आणि पेट्रोल किती. बाकी सगळं कानाने, नाकाने आणि तळपायाने ओळखायचं. पिकअपमध्ये हेच काम डझनावारी सेन्सर करतात आणि बिघाड झाला की एक पिवळा दिवा लागतो. तो दिवा नेमकं काय म्हणतो हे कळायला स्कॅनर लागतो. मॉडेल ए बंद पडली तर पेट्रोल येतंय का आणि ठिणगी पडतेय का, हे दोन प्रश्न विचारायचे. पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि थोडा धीर असेल तर उत्तर बहुतेक वेळा रस्त्याच्या कडेलाच मिळतं. या गाड्या ४८ लाखांच्या आसपास बनल्या, आणि त्यांचे बहुतेक सुटे भाग आजही नव्याने बनतात. वीस वर्षांनी तुमच्या पिकअपचा एखादा कंट्रोल युनिट बंद पडला तर तो मिळेल का, याची हमी मी देऊ शकत नाही. दुरुस्तीच्या ओळीत तुम्ही पिकअपला पूर्ण गुण दिलेत, ते मी दोघींत वाटले असते.

जागेचा तिढा खरं तर सोपा आहे. पिकअप उघड्यावर उभी राहण्यासाठीच बनते. तिच्या पत्र्यावर गंजरोधक थर असतात, दारांना रबरी सील असतात. ऊन-पावसाने तिचा रंग थोडा फिका पडेल, यापलीकडे फारसं काही होणार नाही. मॉडेल एला ओल सोसत नाही. तिच्या पत्र्याआड काही ठिकाणी लाकूड आहे, आणि ते एकदा कुजलं की दारं लोंबू लागतात. छप्पर तिचं, अंगण पिकअपचं. शिवाय टेप घेऊन मोजून पाहा. हायलक्सची लांबी ५.३ मीटरच्या वर आहे, तुमच्या छपराखाली ती बहुधा मावणारही नाही. मॉडेल ए त्याहून मीटरभर तरी आखूड आहे.

पिकअप घेताना दोन गोष्टी जपा. रोपवाटिकेची तुमची फेरी किती लांबीची आहे ते पत्रात नाही, पण पाच-सहा किलोमीटरचीच असेल तर डिझेल घेण्याआधी विचार करा. आजच्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी असते. ती साफ व्हायला धुराचं तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. छोट्या फेऱ्यांत ते तापतच नाही, जाळी तुंबते आणि गाडी ताकद कमी करून टाकते. मग एक तर पेट्रोल इंजिनाची पिकअप पाहा, नाहीतर आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास मोठ्या रस्त्यावर सलग चालवा. दुसरी गोष्ट उंच बॉनेटची. वर उल्लेख केलेल्या त्याच संस्थेने २०२३ साली अभ्यास मांडला. पुढचा भाग १०० सेंटिमीटरपेक्षा उंच असलेल्या गाड्यांची पायी चालणाऱ्याला धडक बसली, तर तो दगावण्याची शक्यता ठेंगण्या, उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. रोपवाटिकेत माणसं वाकून कामं करतात, त्यांची मुलं आसपास खेळतात. पुढचा कॅमेरा आणि आपोआप लागणारा ब्रेक असलेली गाडी मिळत असेल तर दुसऱ्या कुठल्याही सोयीवर पाणी सोडा, पण ती घ्या. हौदा रिकामा असताना मागचे पाटे ताठ राहतात आणि गाडी खड्ड्यांत उसळते, याचीही सवय करून घ्या.

आता चौदा महिन्यांबद्दल. मी स्वतः एक गाडी अशी घालवली आहे. तीन वर्षं ती उभी होती आणि मी दर महिन्याला पाच मिनिटं सुरू करून बंद करायचो. वाटायचं, मी तिची काळजी घेतोय. इंजिन पुरतं तापायच्या आधीच बंद होत होतं. जळताना तयार झालेलं पाणी तेलात उतरत राहिलं, सायलेन्सर आतून गंजला, आणि शेवटी इंजिन उघडलं तेव्हा तळाशी दुधी चिकट थर बसला होता. आजही त्याचं वाईट वाटतं. म्हणून सांगतो, उद्या उत्साहाने सेल्फ मारू नका.

आधी जुनं पेट्रोल पूर्ण काढा. त्यात इथेनॉल असेल तर हवेतली ओल त्याने शोषलेली असते. पेट्रोलच्या वाटेवरची, गाळ साठणारी वाटी धुवा. इंजिनचं तेल बदला. या इंजिनाला तेलाचा फिल्टर नाही, त्यामुळे पुढेही दर ८०० किलोमीटरला तेल बदलावं लागतं. रेडिएटरमधलं पाणी काढून त्याचा रंग पाहा, उंदरांनी वायरी कुरतडल्यात का ते पाहा. चावी बंद, गिअर न्यूट्रलला, चारही प्लग बाहेर, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल, आणि एक रात्र तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी पुढून हँडल घालून हाताने हळू फिरवा. सहज फिरलं तर अर्धी लढाई जिंकलात. अडलं तर जोर लावू नका, जुन्या इंजिनांवर काम केलेल्या मिस्त्रीला बोलवा. पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा गाडी छपराबाहेर ढकलून न्या, बंद जागेतला धूर जीव घेतो. टायरच्या कडेला भेगा असतील तर नक्षी कितीही कोरी दिसो, ते बदला.

भावाशी भांडू नका, त्याचं म्हणणं व्यवहाराचं आहे. फक्त त्याला हे सांगा, की चौदा महिने बंद असलेली गाडी बंद गाडी म्हणूनच विकली जाते. विकायची ठरली तरी आधी ती चालती करणंच फायद्याचं. तोवर पिकअप वापरलेली घ्या, म्हणजे हातभाराचा प्रश्न तेवढा तातडीचा राहणार नाही.

ब्रिटनच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबच्या वर्गवारीत १९३० अखेरपर्यंतच्या गाड्या व्हिंटेज धरतात. तुमची गाडी त्यातल्या शेवटच्या वर्षातली. अशा गाडीला पंधरा दिवसांतून एकदा तीस-चाळीस किलोमीटरची निवांत फेरी हवी असते, पूर्ण गरम होऊन परत येण्याइतकी. ते काम मुलाकडे सोपवा आणि वर्षभर वहीत नोंद ठेवा: तारीख, अंतर, तेल, काय बिघडलं, काय नीट केलं. वर्षाअखेर नोंदी वीस-बावीस भरल्या तर गाडी घरातच राहू द्या. पाचच भरल्या तर जो ती चालवेल त्याला द्या, आणि सुरू करायची रीत त्याला वडिलांनी दाखवली असती तशी शेजारी बसून दाखवा.

या आठवड्यात एवढंच करा. प्लग काढाल तेव्हा कुठला कुठून निघाला ते लिहून ठेवा आणि चारही एका पांढऱ्या कापडावर ओळीने मांडून उजेडात फोटो काढा. फिकट तपकिरी असतील तर इंजिनची तब्येत ठीक आहे. कोरडे काळे असतील तर पेट्रोल जास्त जातंय. तेलाने ओले असतील तर आतल्या रिंगा तपासाव्या लागतील. फोटो मला पाठवा, पुढचं त्यावरून सांगतो.